पाणी आवाज गिळतं

सकाळचा सुरुंग उडवून पुंडलिकराव घरी आले, तेव्हा शरयू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात तुरीच्या डाळीचं सूप होतं आणि डाळीला हात लागलेला दिसत नव्हता. तिच्या चेहऱ्यावर असं काही नवल होतं की त्यांच्या चपला काढायच्या राहून गेल्या. "ऐका ना," ती म्हणाली, "यानं आवाजाच्या आधी लात मारली." "कोणी?" असं त्यांनी उगाच विचारलं. घरात दोघंच होती आणि तिसरा कोण ते अख्ख्या सिंदीला ठाऊक होतं. "यानं हो! पहिले यानं लात मारली, मंग तुमचं धडाम झालं. मी डाळ निवडून राह्यली होती. दोन्हीच्या मधात एक खडा फेकायाइतका टाइम होता. तुम्ही बत्ती लावली हे याले पोटात बसून कसं कळलं?" आणि ती हसली. अकरा वर्षांनी दिवस राहिले होते, आठवा सरत आला होता, आणि पोरगं आतापासूनच बापाच्या नोकरीवर लक्ष ठेवून आहे याचं तिला कोण कौतुक वाटत होतं.

पुंडलिकरावांना ते समजावून सांगता आलं असतं. ते सरकारी ओव्हरसियर होते, नागपूरला शिकलेले होते. विहिरीपासून घरापर्यंत दोनशे पावलं, आणि वरची काळी माती खरवडली तर खाली सगळा एकच दगड. हवेतून आवाज चालत येतो, दगडातून धावत येतो. एवढं एखाद्या शाळकरी पोरालाही पटलं असतं. पण सांगायला तोंड उघडलं आणि हिशोब पुढेच धावत सुटला. दगडातून जोत्यात, जोत्यातून फरशीत, फरशीतून या बाईच्या हाडांत, हाडांतून आतल्या पाण्यात, आणि त्या पाण्यात बसलेल्या, अजून नाव नसलेल्या कोणाच्या तरी अंगावर. एवढा प्रवास त्या हादऱ्यानं केला होता, आणि तो त्यांनी, त्यांच्या हातानं, बत्ती लावून पाठवला होता. तो तर पाण्यात आहे, हे त्यांच्या इतके दिवस ध्यानातच आलं नव्हतं. मनाशी ते म्हणाले, अरे, हाही पाण्यातच की. आणि दीड वर्ष घडी घालून ठेवलेलं सगळं एकदम उलगडायला लागलं. "चहा टाकू का?" शरयूनं विचारलं. ते नको म्हणाले आणि तसेच चपलांनिशी परत विहिरीवर गेले.

पुंडलिकरावांचा आवाज ही तालुक्यात थट्टेची गोष्ट होती. ते सिंदीत खोकले तर सेलूच्या म्हशी मान वळवून बघतात, असं कचेरीतले कारकून म्हणत. सुरुंगाच्या कामाला असाच माणूस लागतो. बत्ती लावायच्या आधी चारी दिशांना तीनदा ओरडायचं, "सुरुंग हाय होऽऽ, बाजूले व्हा होऽऽ", आणि तिसऱ्या हाकेनंतर मनातल्या मनात वीस मोजायचे. हे त्यांना हरिभाऊ नावाच्या म्हाताऱ्या सुरुंगवाल्यानं शिकवलं होतं. हरिभाऊ डिप्लोमा झालेल्यांना मोजत नसे, पण या पोराच्या आवाजावर खूश होता. त्यानंच आणखी एक गोष्ट सांगितली होती. विहिरीत पाणी साचलं असताना खालच्या भोकातला सुरुंग उडवला तर वर काठावर फक्त थड् होतं, जसं कोणी गादीवर बुक्की मारावी. "पाणी आवाज गिळते रे बापू. पाण्यात डबल बारूद भरली तरी कोणाची झोप मोडत नाई." वऱ्हाडापासून वर्ध्यापर्यंत विहिरी खोदणारा प्रत्येक माणूस हे जाणतो. त्यात चूक काहीच नाही, कारण विहिरीत उतरून सुरुंग ऐकायला कोणी बसत नाही.

मग राज्य बदललं. नागपूरच्या फायली मुंबईला गेल्या, तशी काही माणसंही इकडची तिकडे झाली, आणि एका हिवाळ्यात पुंडलिकरावांच्या हाती कागद पडला की कोकणच्या एका लहानशा बंदरात पाण्याखालचा खडक फोडायचा आहे, सहा महिन्यांसाठी जावं. जन्मात धाम नदीपेक्षा मोठं पाणी न पाहिलेला माणूस! पहिल्या दिवशी ते खाडीच्या तोंडाशी उभे राहिले आणि त्यांना वाटलं, एवढं पाणी असून हे गप्प का बसत नाही? त्यात माणसांनी आपला आवाज ओतलेला. समोर एका तराफ्यावर लोखंडी खांब ठोकणारं यंत्र होतं, ते दिवसभर ठण्ण, ठण्ण करत राही. गाळ उपसणारी बोट घरघरे, लाँची ये-जा करत. त्यांना नेण्या-आणण्यासाठी एक होडी ठरवली होती. तिचा तांडेल नाना सत्तरीचा, काळाकुळा, बोलायला कंजूष. दुसऱ्या की तिसऱ्या सकाळी, यंत्र अजून सुरू व्हायचं होतं तेव्हा, होडीच्या शेजारी पाण्यातून कोणीतरी सुस्कारा टाकला. पुंडलिकराव दचकून वळले. राखाडी पाठ, तिच्यावर उंचवटा, आणि ती वर आली तशी हळूच वाकून पाण्यात गेली. मागून दुसरी. मग तिसरी, आणि तिच्या कुशीला चिकटून एक हातभर पिल्लू, आई वर आली की वर येणारं, आई खाली गेली की खाली जाणारं. "केवढा मासा!" ते ओरडले, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या आवाजात बोलले. नानानं बोट ओठावर ठेवलं. "मासो न्हय, सायबानू. गादो तो. आमच्यासारखो श्वास घेता, पोराक दूद पाजता." पुस्तकातला डॉल्फिन तो हाच, हे त्यांना मागाहून कळलं. आणि त्यानं वल्हं उचलून पातं पाण्यात सोडलं, दांड्याचं टोक त्यांच्या कानाला लावलं.

त्या वल्ह्यातून त्यांनी जे ऐकलं ते कोणालाही सांगितलं नव्हतं. सांगणार काय? आधी काही नव्हतं, नुसती पाण्याची खळखळ. मग कढईत फुटाणे फुटावेत तसं काहीतरी, भराभर, जवळ येत. मग शीळ. एक खालून वर चढणारी, आणि तिला लांबून दुसरीनं दिलेलं उत्तर. पुन्हा पहिली. मग एक बारीक, कच्ची, मध्येच तुटणारी, आणि ती पिल्लाचीच असणार हे त्यांना न सांगता कळलं, कारण तिच्यामागून लगेच मोठी शीळ आली, अगदी पोराला हाक घालावी तशी. पुंडलिकरावांच्या अंगावर काटा आला. एवढी वर्षं ते काठावर उभे राहून हाका घालत आले होते आणि त्यांना वाटत होतं, खाली नुसतं पाणी आहे. खाली गाव होतं. गावात बोलणी चालली होती. आपण दारात उभे आहोत आणि आतल्यांना आपली खबरही नाही, असं काहीतरी त्यांना वाटलं, आणि डोळे भरून आले, ते का ते कळेना. तेवढ्यात तराफ्यावरचं यंत्र सुरू झालं. ठण्ण. दांडा कानावर असा आदळला की त्यांनी तो फेकूनच दिला. हवेत तो आवाज रोजचाच होता, पण वल्ह्यातून तो डोक्यात खिळा मारावा तसा शिरला. पुन्हा धीर करून कान लावला तेव्हा दोन ठोक्यांच्या मध्ये काहीही नव्हतं, ना फुटाणे, ना शीळ.

आणि तरीही चार दिवसांनी त्यांनी सुरुंग उडवला. हेच तर त्यांना स्वतःचं कळत नव्हतं. कानानं ऐकलं होतं, पण हरिभाऊचं वाक्य कानापेक्षा खोल गेलं होतं. नाना म्हणाला होता, ओहोटी लागू द्या, गादे भायर जावंदेत. ते म्हणाले होते, "अरे, पाणी आवाज गिळतं." डायनामाइट विहिरीच्या हिशोबानं दुप्पट भरलं. होड्या हटवल्या, काठावरची पोरं पिटाळली, आणि तीनदा अशी हाक मारली की पलीकडच्या डोंगरानं ती परत पाठवली. मग समुद्रानं नुसतं हं केलं. पांढऱ्या पाण्याचा एक ढिगारा उठला, बसला. बस्स, एवढंच. त्यांना अभिमान वाटला होता! मेलेले मासे पांढरी पोटं वर करून तरंगू लागले, बाया टोपल्या घेऊन धावल्या, सगळीकडे आनंदीआनंद. नाना तेवढा वल्ही आवरून बसला होता. तो म्हणाला, "तुमी तीनदा आरडलात, ता आमका. तेंका कोणी सांगल्यान?" दुसऱ्या दिवशी ती दिसली. एकटीच. नाकाडावर पिल्लू होतं, ती ते वर उचलून धरत होती, घसरलं की खालून पुन्हा वर आणत होती, श्वास घ्यायला. पिल्लू श्वास घेत नव्हतं. तीन दिवस ती तसंच करत खाडीच्या तोंडाशी फिरली. पुंडलिकरावांनी तीनही दिवस पाहिलं. नानाकडून वल्हं मागून कान लावला, तर एवढ्या मोठ्या समुद्रात कोणीच बोलत नव्हतं. आणि त्यानंतर आणखी अकरा सुरुंग त्यांनी उडवले, कारण हुकूम होता आणि खडक अजून उरला होता. घरी आल्यावर शरयूला त्यांनी नारळाचं सांगितलं, सोलकढीचं सांगितलं, लाल मातीचं सांगितलं.

आता हे सगळं डोक्यात घेऊन ते सिंदीच्या विहिरीवर उभे होते. वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं. या वस्तीतल्या विहिरी आटल्या होत्या, बाया स्टेशनच्या टाकीवरून मैलभर डोक्यावर पाणी आणत होत्या, आणि ही विहीर आणखी सात हात खाली गेली तर झरा लागेल असं सगळ्यांचं म्हणणं होतं. अकरा वाजताचा सुरुंग भरलेला होता. भरलेला सुरुंग ठेवता येत नाही. तो उडवायचा, किंवा पाणी ओतून मारायचा, आणि आटलेल्या विहिरीवर ओतायला पाणी आणणार कोण? त्यांनी गुलाबला खूण केली. गुलाब त्यांचा जुना सुरुंगवाला, पिकल्या मिशांचा, बत्ती लावण्यात त्याचा हात धरणारा नव्हता. तीन हाका दिल्या. पहिल्यांदाच आयुष्यात हाक देताना त्यांना आपला आवाज पोकळ वाटला, जिथं पोचायला हवा तिथं न पोचणारा. मग धडाम झालं, आणि त्यांचा कान विहिरीकडे नव्हताच.

दुपारी जेवायला बसताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आत्ताच्या वेळेस मारली का लात?" शरयू म्हणाली, "नाई. झोपला असन." ती वाढत राहिली. दोनला त्यांनी पुन्हा विचारलं. "नाई." साडेतीनला विचारायची हिंमत झाली नाही, तीच म्हणाली, "सकाळपासून हाललाच नाई हो." पंचफुला सुईण आली. तिनं पोटावर तेलाचा हात फिरवला, कान लावला, खूप वेळ लावला. तोवर मुंबईची मेल धडधडत गेली आणि कपाटातली भांडी नेहमीसारखी किणकिणली. "कधी कधी दिवस दिवस गप राह्यते लेकरू," पंचफुला म्हणाली. "पन आता हिले जाग्यावरून हालवू नोका. गाडीत तं बिलकुल बसवू नोका, दणके बसतीन." ती अंगणात आली तेव्हा पुंडलिकरावांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिनं पदर सारखा केला आणि त्यांच्याकडे न बघता ती निघून गेली. तेवढ्यात गुलाबचा निरोप आला: चार भोकं भरून तयार हायेत, साहेबांनी यावं.

ते आत गेले आणि शरयूच्या शेजारी फरशीवर बसले. आणि सांगितलं. वल्हं, शीळ, पिल्लू, तीन दिवस, सगळं. सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की तिला पुढे वाकावं लागलं. त्यांना वाटलं होतं ती रडेल, नाहीतर कानावर हात ठेवेल. ती म्हणाली, "मले काऊन नाई सांगितलं इतके दिवस?" मग तिनं कपाटातल्या भांड्यांकडे पाहिलं. "मंग आता उडवा," ती म्हणाली. "काय?" "चार भोकं भरले ना? उडवा म्हणते मी. सकाळी यानं आवाजाच्या आधी ऐकलं. आताही ऐकन. लात मारली, तं आहे. नाई मारली, तं..." तिनं पोटावर पदर ओढला. "मले माहीत तं होईन. असं बसून नाई राह्यलं जात मह्यानं." पुंडलिकरावांनाही तेच हवं होतं, हे कबूल केलं पाहिजे. कळायला हवं होतं. उठावं, गुलाबला हाक द्यावी, परत येऊन तिच्या पोटावर हात ठेवावा आणि वीस मोजावेत. एकविसाव्याला सगळं समजलं असतं. हो म्हणायला जीभ उचलली होती. पण पाण्यातल्या त्या कच्च्या शिळेला कोणी काय विचारलं होतं, आणि कसं विचारलं होतं, ते त्यांना ठाऊक होतं. "नाही," ते म्हणाले. "दचकवून नाही विचारायचं त्याले."

विहिरीवर घागरींची रांग लागली होती. आज ओल लागेल या आशेनं बाया स्टेशनवरून परस्पर इथंच आल्या होत्या, कोणाच्या डोक्यावर भरलेली घागर, कोणाच्या कडेवर हंडा. गुलाब बत्ती घेऊन तयार होता. "भोकं मारायची," पुंडलिकराव म्हणाले, "पाणी ओतून." गुलाबला वाटलं साहेबांना ऊन लागलं. "साहेब, पानी टाकलं का बारूद गेली. अख्ख्या दिवसाची मेहनत गेली. अन् पानी आनता कुठून?" पुंडलिकराव रांगेकडे वळले. तालुक्यातला सर्वांत मोठा आवाज, आणि त्यांना बोलताच येईना. परक्या बायांसमोर आपल्या बायकोच्या पोटाबद्दल बोलायचं, हे त्यांच्या सात पिढ्यांत कोणी केलं नव्हतं. ते बोलले ते इतकं हळू की पहिल्या दोघींनाच ऐकू गेलं. मागून कोणीतरी विचारलं, "काय म्हनते ओ साहेब?" आणि पुढचीनं मान वळवून मागचीला सांगितलं, तिनं तिच्या मागचीला. "बाईचं पोट सकाळपासून हाललं नाई म्हनते. सुरुंग नाई उडवत म्हनते. पानी मागते." ते वाक्य रांगेतून शेवटपर्यंत गेलं, आणि ते जात असताना सगळी रांग गप्प होत गेली. एक जण म्हणाली, "अन् आमचे लेकरं का कोरडे मरतीन?" तिचंही खोटं नव्हतं, आणि तिला कोणी खोटं पाडलं नाही. मग भागीरथा नावाची एक बाई, जिच्याशी पुंडलिकरावांचं कधी बोलणं झालं नव्हतं, पुढं आली, डोक्यावरची घागर दोन्ही हातांनी उतरवली आणि गुलाबच्या पुढ्यात ठेवली. "महेही दोन लेकरं असेच गप झालते," ती म्हणाली. "घे, टाक."

अकरा घागरी लागल्या. गुलाब दोराला बांधून एकेक खाली सोडत होता, आणि खालचा माणूस भोकाच्या मातीच्या बुचावर पाणी हळूहळू मुरवत होता. मैलभर डोक्यावरून आणलेलं पाणी काळ्या दगडात बुडबुडे सोडत जाताना पुंडलिकराव काठावरून बघत होते. उरलेला खडक आता छिन्नी-हातोड्यानं फोडावा लागणार होता. पंधरा दिवस, कदाचित वीस. वरून विचारणा होईल, काय लिहायचं ते त्यांना माहीत नव्हतं. "फोडू ना साहेब," गुलाब न विचारता म्हणाला, "आमचे बाप असेच फोडत होते." रिकाम्या घागरी घेऊन बाया पुन्हा स्टेशनच्या रस्त्याला लागल्या. आपल्या कोरड्या लेकरांचं विचारणारी ती बाईही त्यांत होती. तिनंही घागर दिली होती, सगळ्यांत शेवटी, आदळून.

ते घरी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. शरयू कुशीवर पडली होती. सुरुंग उडाला नाही हे तिनं ऐकलंच होतं. तिनं त्यांचा हात ओढून पोटावर ठेवला आणि वर आपला ठेवला. ते बसून राहिले. बाहेर कोणी बोलत गेलं. गाई परतल्या. कुठं तरी खलबत्ता वाजत होता, तो थांबला. आपल्या तळहाताला काहीच कळत नाही, असं त्यांना वाटत होतं. बारूद कोरडी की ओली हे चिमटीत ओळखणारा तो हात एखाद्या बंद दारावर ठेवल्यासारखा पडून होता. किती वेळ गेला ते समजलं नाही. शरयूचा श्वास संथ झाला, तिला झोप लागली असावी. आणि मग, कोणी बोलावलं नव्हतं, कोणी दचकवलं नव्हतं, तेव्हा त्यांच्या तळहाताखाली कोणीतरी सावकाश कूस बदलली.

लाथ नव्हती ती. एका अंगावरून दुसऱ्या अंगावर, अगदी सवडीनं, जसा माणूस आपल्या स्वतःच्या घरात वळतो तसं. हाताच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत काहीतरी गोल, घट्ट, सरकत गेलं. शरयूनं डोळे उघडले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि पुंडलिकरावांची छाती भरून आली, हाक फुटायच्या आधी भरते तशी. अख्ख्या सिंदीला ऐकू जाईल एवढं ओरडावंसं वाटलं. तोंड उघडलंही. ती पटकन म्हणाली, "हळू. ऐकून राह्यला तो."

त्यांनी तोंड मिटलं. पण काहीतरी बोलायला तर हवं होतं, इतका मोठा पाहुणा दारात उभा, आणि आपण मुके! ते खाली वाकले, ओठ तिच्या लुगड्याला लागतील इतके. एवढा लहान आवाज त्यांनी जन्मात कधी काढला नव्हता, तो कुठून काढतात हेही त्यांना माहीत नव्हतं. दोनदा नुसता श्वासच बाहेर आला. तिसऱ्यांदा, परक्याच्या घरी गेल्यावर उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगावं तसं, त्यांनी सांगितलं, "मी पुंडलिक."